माहेरच्या शेतावर परतलेल्या स्त्रीने प्रेमाकडे सावकाश कसे जावे

हे लेखन अशा स्त्रीसाठी आहे, जी काही वर्षे पुण्या-मुंबईत किंवा सासरी काढून कोल्हापूर जिल्ह्यातल्या आपल्या माहेरच्या शेतावर परतली आहे; जिचे लग्न मोडले आहे, किंवा नवरा गेला आहे, किंवा जिने लग्न केलेलेच नाही; आणि जी आता कोणालाही मनाच्या फार जवळ येऊ देत नाही. मी स्वतः करवीर तालुक्याच्या पश्चिम भागात, भोगावतीच्या खोऱ्यातल्या एका गावी अशीच परतले. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते, वडील नुकतेच गेले होते, आणि लग्न मोडून चार वर्षे झाली होती. आज मी विवाहित आहे आणि शेतही करते. मधल्या काळात जे शिकले ते क्रमाने सांगते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की राखून राहण्याची सवय जबरदस्तीने मोडू नये. आधी आपल्या जमिनीवर पाय घट्ट रोवावेत, कामाच्या देवाणघेवाणीतून माणूस जवळ येऊ द्यावा, आणि त्याला ओळखण्यासाठी शेताचे किमान एक पूर्ण वर्ष द्यावे.

पहिले वर्ष जमिनीचे

परतल्यावर पहिल्या काही महिन्यांतच नातेवाईक स्थळे सुचवू लागतात. त्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. घरात थकलेली आई आहे, ऊस तुटायचा आहे, रात्री पाणी पाजायला कोणी नाही, तेव्हा एखादा आधार हवाच, असे त्यांना मनापासून वाटते. या ‘आधार’ शब्दापाशी मात्र आपण थांबून विचार करावा. ज्या दिवसांत आधाराची निकड असते, त्या दिवसांत समोरच्या पुरुषाचा स्वभाव आपल्याला नीट दिसत नाही. त्याच्यामुळे कोणते काम हलके होईल, एवढेच दिसते. मी पहिल्या वर्षी एका स्थळाला होकार देण्याच्या अगदी जवळ आले होते, आणि त्याचे खरे कारण त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, हे मला बऱ्याच महिन्यांनी स्वतःशी मान्य करता आले. म्हणून पहिल्या वर्षी कोणाला शोधू नये, आणि कोणी विचारलेच तर ‘यंदा फक्त शेत’ असे स्पष्ट सांगावे.

त्या वर्षात कागदपत्रांची कामे पूर्ण करावीत. वडील वारले असतील तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा आणि सातबाऱ्यावर आपले नाव आले की नाही हे स्वतः पाहावे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. आपल्याकडे तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत चालू आहे, आणि ते दस्त नोंदणी कार्यालयात एकदा झाले की मागे घेणे फार कठीण जाते. भावाशी बोलायचे तर सणावाराचे दिवस टाळून, वहिनी समोर असताना, शांतपणे आणि कागद पुढे ठेवून बोलावे. हक्क मागितला तर माहेर तुटेल, ही भीती मलाही होती. माझे माहेर सहा महिने अबोल राहिले, आणि त्यानंतरच्या दिवाळीत भाऊ स्वतः ओवाळून घ्यायला आला. प्रत्येक घरी असेच होईल असे मी म्हणणार नाही. परंतु हे बोलणे टाळल्यामुळे पुढे येणारा कडवटपणा मी अधिक घरांत पाहिला आहे.

उसाची नोंद कारखान्याकडे कोणाच्या नावाने आहे, हेही पाहावे, कारण ज्याची नोंद त्याच्या खात्यावर बिल जमा होते. शेतीकर्ज देणाऱ्या विकास सेवा संस्थेचे सभासदत्व आणि गावच्या दूध संस्थेतले खाते आपल्या नावाने असावे. दहा दिवसांचे दुधाचे बिल आणि दिवाळीला मिळणारा दरफरक स्वतःच्या खात्यावर येऊ लागला, की मनातली एक जुनी धास्ती हळूहळू उतरते. या सगळ्याचा प्रेमाशी थेट संबंध आहे. ज्या स्त्रीला स्वतःच्या छपराची खात्री नसते, तिला नकार देणे परवडत नाही; आणि जिला नकार देणे परवडत नाही, तिच्या होकारावर तिचा स्वतःचाही विश्वास बसत नाही.

राखून राहणे तपासून घ्यावे

मोजके बोलणे, सगळी कामे स्वतःच उरकणे, कोणाचे उपकार न घेणे आणि दुखले तरी न सांगणे, ही आपली लक्षणे असतात. त्यांची लाज वाटण्याचे कारण नाही. कधीतरी याच सवयींनी आपल्याला वाचवलेले असते. तरीसुद्धा एक तपासणी अवश्य करावी. आपण सावध कोणापासून आहोत? ज्याच्याविषयी शंका घ्यायला जागा आहे त्याच्यापासूनच असू, तर तो शहाणपणा आहे. परंतु शेजारच्या काकींनी दिलेली आमटीची वाटीही आपण दुसऱ्या दिवशी लगेच भरून परत करत असू, ताप आला तरी गोठ्यातले काम कोणाला सांगत नसू, तर मग निवड करणारी बुद्धी बाजूला राहिली आहे आणि केवळ सवय काम करते आहे. अशा वेळी प्रेमाचा विचार आणखी पुढे ढकलावा आणि आधी घेण्याचा सराव करावा.

या सरावासाठी आपल्या भागात पैऱ्यासारखी दुसरी चांगली रीत नाही. आज माझ्या शेतात तुम्ही या, उद्या तुमच्या शेतात मी येते. पैशाचा व्यवहार नाही, दिवसाला दिवस. जुलैत रोपलावणीच्या वेळी पाऊस धरून असतो, चिखल तयार असतो आणि मजूर मिळत नाहीत, तेव्हा पैरा हाच मार्ग उरतो. माझ्या पहिल्या लावणीला शेजारच्या काकी न सांगता आल्या आणि दिवसभर वाकून रोप लावत राहिल्या. संध्याकाळी मी त्यांच्या हातावर मजुरी ठेवली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “मजुरीनं न्हाई आलो पोरी, पैऱ्यानं आलोय,” असे म्हणून त्यांनी पैसे परत केले आणि त्या न थांबता निघून गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे देऊन मी हिशेब मिटवू पाहत होते, आणि हिशेब थोडा उघडा राहिल्याशिवाय माणसांचे येणेजाणे राहत नाही, ही गोष्ट त्यांना शिकवावी लागत नव्हती. चौथ्या दिवशी मी त्यांच्या शेतात गेले आणि पैरा फेडला. त्या वर्षी मी मुद्दाम चार घरांशी पैरा ठेवला.

ज्या स्त्रीचे मन आखडलेले आहे तिने वर्षभर असा पैरा करावा, असे मी आग्रहाने सांगते. यात उपकार नसतो, म्हणून मान खाली जात नाही. आणि मोबदला त्याच दिवशी देता येत नाही, म्हणून चार दिवस दुसऱ्याचे देणे अंगावर घेऊन राहण्याची सवय होते. पुढे ज्या माणसावर प्रेम करायचे, त्याच्याशीही असेच देणेघेणे ठेवता आले पाहिजे.

माणूस कुठे भेटतो

शेतावर राहणाऱ्या स्त्रीला माणसे भेटत नाहीत, हा समज खरा नाही. दूध संस्थेच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ निम्मे गाव येते. खतांच्या दुकानात, पीक प्रात्यक्षिकाला, मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला, आठवड्याच्या बाजारात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला ओळखीचे-अनोळखी लोक भेटतातच. कोल्हापूर शहर जवळ असेल तर महिन्यातून दोन वेळा शेताचे निमित्त नसताना शहरात जावे. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिराचे सभासद व्हावे, दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात एखादे व्याख्यान किंवा प्रदर्शन असेल तर पाहावे. तिथे कोणी भेटलेच पाहिजे असे नाही. आपल्याला उसाच्या बिलाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलता येते, याची आठवण राहणे पुरेसे असते. पुनर्विवाहासाठी वधूवर मेळावे भरतात, विवाहाची संकेतस्थळेही आहेत. त्यांचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. फक्त पहिल्या माहितीत गट नंबर, क्षेत्र किंवा सातबारा देऊ नये. ‘शेती करते’ एवढे लिहावे.

हिवाळ्यातले गुऱ्हाळ ही मात्र भेटीची विशेष चांगली जागा आहे, कारण तिथे माणूस कामात असतो आणि मोकळाही असतो. चुलवाणावर काहील चढलेली असते, भेंडीच्या चिकट पाण्याने रसातली मळी वर येते, गुळव्या रसाच्या फुटणाऱ्या बुडबुड्यांकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि आलेल्या प्रत्येकाला गरम काकवी मिळते. तिथे कोण चुलवाणात जळण घालणाऱ्या जळव्याशी नीट बोलतो, कोण त्याला हुकूम सोडतो, कोण आधी म्हाताऱ्या माणसापुढे वाटी करतो, हे न विचारता कळते.

माझी ओळख याहून साध्या कारणाने झाली. आमच्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या नऊ शेतकऱ्यांच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, चालतात. एके वर्षी ऐन उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला, आणि नवीन मिळेपर्यंत रोज कोणीतरी वीज कार्यालयात जाऊन बसणे भाग होते. पाळ्या लावताना सर्वांनी मला वगळले, बाईमाणसाला कशाला त्रास, या भावनेने. पलीकडच्या गावचे एक गृहस्थ तेवढे म्हणाले, “ताईंचीबी मोटर हाय न्हवं, त्यांचीबी पाळी लावा.” मला वगळल्याबद्दल इतरांना मी दोष देत नाही, परंतु मला बरोबरीने मोजणारा माणूस कोणता, हे त्या दिवशी मनात नोंदले गेले. पुढे दीड वर्ष ती नोंद तशीच राहिली. ते विधुर होते, त्यांना अकरा वर्षांची मुलगी होती, आणि त्यांनाही घाई नव्हती.

एक पूर्ण वर्ष पाहावे

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. माणूस ओळखायला तेवढा काळ द्यायला हरकत नाही. निदान एक पावसाळा, एक गळीत हंगाम आणि एक उन्हाळा त्याला पाहावे, कारण प्रत्येक ऋतूत माणसाचे वेगळे अंग दिसते.

पावसाळ्यात त्याची काळजी दिसते. कोल्हापूरकरांच्या तोंडी जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी असते. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते; २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै पाहिलेल्या माणसाला तर ते आकडे झोपेतही आठवतात. रस्ते बंद झाल्यावर सगळेच फोन करतात. पाणी ३९ फुटांकडे सरकत असतानाच ‘जनावरे कुठे हलवणार आहात, वैरण किती दिवसांची आहे’ असे जो विचारतो, त्याने आपले घर मनात धरलेले असते. त्याच वेळी आपणही त्याच्या जनावरांची चौकशी करतो का, हे पाहावे. आपल्या मनातला ओलावा आटला आहे का, हे तिथे कळते.

गळीत हंगामात त्याचा संयम आणि पैशाची नीती दिसते. तोड वेळेवर येत नाही, ऊसतोड टोळीचा मुकादम खुशाली म्हणून वरचे पैसे मागतो, उसाला तुरे येतात, वजन घटत जाते, दराचे आंदोलन सुरू असेल तर वाहतूक थांबते. अशा दिवसांत ऊसतोड कामगारांशी, त्यांच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, लहान मुलांशी आणि घरच्या माणसांशी तो कसा बोलतो, याकडे लक्ष द्यावे. रागावणे हा दोष नाही. वरच्या माणसावरचा राग खालच्या माणसावर काढणे हा दोष आहे, आणि तो लग्नानंतर घरातच उतरतो.

उन्हाळ्यात रात्रीच्या पाण्याची कसोटी लागते. शेतीची थ्री-फेज वीज आठवड्याच्या फिरत्या वेळापत्रकाने कधी दिवसा, कधी रात्री येते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात स्त्रीलाही मध्यरात्री उसात उतरावे लागते. साप असतात, राधानगरी-भुदरगडच्या बाजूला गव्यांचीही भीती असते. मला त्या वर्षी दोन प्रकारची माणसे भेटली. एका नात्यातल्या गृहस्थांनी मोठ्या मनाने सांगितले, “तू झोप, मी पाजतो पाणी.” त्यात माया होती, परंतु चार रात्रींनंतर कोणत्या सरीला किती पाणी द्यायचे हे तेच ठरवू लागले, आणि महिन्याभराने खताची मात्राही. ओढ्यापलीकडचे गृहस्थ आपले पाणी आटोपून आमच्या बांधावर बॅटरी घेऊन उभे राहत. सरीत पाणी सोडण्याची दारे मी मोडत असे. ते उजेड धरत, काही विचारत, काही सांगत, आणि पाणी शेवटच्या सरीला पोहोचले की आपल्या वाटेने निघून जात. आपले काम काढून घेणारा माणूस आणि आपल्या कामाशेजारी उभा राहणारा माणूस, यांतला फरक पहिल्या आठवड्यात जाणवत नाही. त्यासाठीच वर्ष लागते.

उसाला पाणी देताना सगळे शेत एकदम भिजवत नाहीत. एक दार मोडायचे, सरी भरू द्यायची, ते बांधायचे आणि मग पुढचे दार मोडायचे. मन उघडतानाही हाच क्रम ठेवावा.

काय बोलावे, कसे बोलावे

राखून राहणाऱ्या स्त्रीची मोठी चूक अशी होते की ती दोन टोकांना जाते. कित्येक महिने ती काहीच सांगत नाही, आणि मग एका संध्याकाळी मोडलेल्या संसाराची सगळी कहाणी सांगून टाकते. ऐकणारा गोंधळला की ‘मला वाटलेच होते’ म्हणून पुन्हा मिटून जाते. असे करू नये. आधी रोजचे बोलावे: म्हशीने दूध कमी दिले, आईचा गुडघा दुखतो, आज मला कशाचाच उत्साह नाही. पुढे पैशांचे बोलावे: कर्ज किती, जबाबदाऱ्या कोणत्या. जखमेची गोष्ट त्यानंतर, तीही एका वेळी एक. सांगितलेली लहानशी गोष्ट महिन्याभरात दुसऱ्याच्या तोंडून आपल्या कानावर आली नाही, तर पुढची सांगावी.

दुसरे असे की मौनाला उत्तर समजू नये आणि समजू देऊ नये. आपण गप्प राहिलो की आपला नकार, संकोच किंवा थकवा समोरच्याला आपोआप कळेल, अशी आपली समजूत असते. त्याला ते कळत नाही, आणि चांगला माणूस तर उलट मागे सरतो. शब्दांत सांगावे. मी सांगितलेले वाक्य जसेच्या तसे देते, कोणाला उपयोगी पडेल म्हणून: “तुमच्याशी बोलायला मला आवडते. मी सावकाश चालणारी आहे, आणि घाई झाली तर मी न सांगता मागे जाते. तसे झाले तर मला विचारा, सोडून देऊ नका.” हे वाक्य बोलायला मला तीन आठवडे लागले. ते ऐकून त्यांनी लगेच काहीही कबूल केले नाही. दोन दिवसांनी फोन करून म्हणाले की त्यांनाही बोलायला वेळ लागतो, आणि मुलगी झोपल्यावरच ते मोकळेपणाने बोलू शकतात. तेव्हापासून रात्री साडेनऊची वेळ ठरली.

हाक मारण्याकडेही लक्ष द्यावे. ‘ताई’ म्हणणारा माणूस ताई म्हणणे सोडतो, तेव्हा काय म्हणावे याचा त्यालाही पेच पडतो. आम्ही बरेच महिने एकमेकांना कोणत्याच नावाने हाक मारत नव्हतो. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचे असेल तर दोघांनी यावे. त्याने ‘तू’ म्हणायचे आणि आपण ‘तुम्ही’ म्हणत राहायचे, ही वाट आपण डोळसपणे निवडली असेल तरच ठेवावी. आम्ही दोघांनीही ‘तुम्ही’च ठेवले.

त्याला मूल असेल तर त्या मुलाची आई होण्याची घाई करू नये. त्यांच्या मुलीला मी पहिले वर्ष फक्त शेतावर भेटले. शेळीच्या करडाला बाटलीने दूध पाजणे, भुईमुगाच्या शेंगा तोडणे अशी कामे आम्ही एकत्र केली. ती मला मावशी म्हणू लागली आणि आजही मावशीच म्हणते. तिची आई फोटोत आहे, आणि त्या फोटोला हार मीच घालते.

घर आणि गाव

गावात बातमी लपत नाही, म्हणून ती कोणाच्या तोंडून आणि कोणत्या क्रमाने जावी हे आपणच ठरवावे. लपूनछपून भेटण्यापेक्षा दिवसाउजेडी, बांधावर, चार माणसांच्या नजरेत भेटावे. आणि गावात चर्चा सुरू होण्याआधी आईला सांगावे. आईला सांगणे जड जात असेल तर घरातल्या अशा एखाद्या आक्काला सांगावे, जिचा शब्द घरात चालतो आणि जिच्या पोटात गोष्ट राहते. भावाला तिसऱ्याकडून कळू देऊ नये. गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, त्याला जेवायला बोलावणे म्हणजे गावापुढे जाहीर करणेच असते. म्हणून मनाचा निश्चय होईपर्यंत ते आमंत्रण देऊ नये, आणि एकदा दिले की संकोच न करता पंक्तीत वाढावे.

ज्यांचे पती वारले आहेत त्यांच्यावर गावाची नजर अधिक कठोर असते. त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ मध्येच पुनर्विवाहाचा कायदा केला. आणि याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद केल्या. त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. कोणी रीतीचा दाखला देऊ लागले तर याच मातीतले हे दाखले आपल्याही हाताशी असावेत.

काही गोष्टी दिसल्या की मात्र थांबावे, आणि कारणे शोधत बसू नये. ऊस किती टन पडतो, हे कोल्हापुरात कोणीही कोणालाही विचारतो, त्यात वावगे नाही. परंतु सातबाऱ्यावर आणखी कोणाची नावे आहेत, बहिणींनी हक्क सोडला का, ही जमीन पुढे कोणाला जाणार, हे प्रश्न आपल्या आवडीनिवडी कळण्याआधी येत असतील. सोसायटीत किंवा पतसंस्थेत जामीन राहा म्हणून आग्रह होत असेल. भेट गुप्त ठेवण्याची अट असेल. दारू पिऊन फोन येत असेल. किंवा आपल्या फोनवर कोणाकोणाचे कॉल आले याची चौकशी सुरू झाली असेल, तर तो संबंध तिथेच संपवावा. जामीनकीची गोष्ट विशेष गांभीर्याने घ्यावी. प्रेमाच्या पहिल्या वर्षात दोघांनीही एकमेकांच्या कर्जावर सही करू नये, हा नियम आधीच सांगून ठेवला तर नंतर वाईटपणा येत नाही.

लग्न, राहणे आणि नाव

निश्चय झाला की कायद्याची बाजू नीट करावी. आधी घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याची प्रत हाताशी ठेवावी आणि अपिलाची मुदत संपल्याची खात्री वकिलाकडून करून घ्यावी. केवळ गावातल्या बैठकीत झालेल्या काडीमोडीवर विसंबू नये. धर्म वेगळे असतील किंवा धार्मिक विधी नको असेल तर विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस देऊन, नोंदणी कार्यालयात लग्न करता येते. विधी करून लग्न केले तरी नोंदणी करावीच.

कोणी कोणाच्या घरी राहायचे, हा प्रश्न शेतकरी स्त्रीच्या बाबतीत फार मोठा असतो आणि तो लग्नाआधीच सोडवला पाहिजे. माझी आई माझ्याजवळ होती, त्यांचे वडील त्यांच्याजवळ होते, आणि दोघांचीही जनावरे होती. पुरुषाने बायकोच्या घरी राहायला जावे, तर लोक घरजावई म्हणून हिणवतात, आणि तो बोल सोसण्याची तयारी त्या माणसाची असावी लागते, आपली नव्हे. म्हणून ती मागणी आपण करण्याआधी तो स्वतः काय म्हणतो ते ऐकावे. आम्ही एका दुपारी वही घेऊन बसलो आणि लिहिले: धारा कोण काढणार, आजारी आईचा दवाखाना कोण पाहणार, मुलीची शाळा बदलायची की नाही, उसाच्या बिलातून घरखर्चाला कोण किती देणार, रात्रपाळीच्या आठवड्यात कोणाचे पाणी आधी. वही भरायला तीन दुपारी लागल्या. शेवटी ठरले की पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या घरी राहायचे, कारण ते उंचावर आहे आणि पुराचे पाणी तिथवर येत नाही; बाकीचे आठ महिने आमच्या घरी. दुसऱ्यांना ही व्यवस्था विचित्र वाटते. आम्हाला ती चार वर्षे पुरली आहे.

नाव बदलण्याचा निर्णयही विचारपूर्वक घ्यावा. आधार, बँकेचे पासबुक, सातबारा आणि कारखान्याची ऊस नोंद यांतले नाव जुळले नाही तर बिल किंवा अनुदान अडकते आणि हेलपाटे घालावे लागतात. मी वडिलांचे नाव आणि आडनाव तसेच ठेवले. माझी जमीन माझ्या नावे आहे, त्यांची त्यांच्या नावे. पेरणी, तोडणी आणि खोडव्याचे निर्णय ज्याचे त्याने घ्यायचे, मात्र घेण्याआधी दुसऱ्याला विचारायचे, असे वहीत लिहिले आहे आणि आजवर ते पाळले गेले आहे. गोठा एकत्र केला तेव्हा त्यांच्या दोन म्हशी आणि माझ्या तीन एका दावणीला आल्या. दूध अजूनही वेगळे काढतो. सकाळी साडेसहाला दोन्ही किटल्या एकाच गाडीवरून संस्थेत जातात. फॅट वेगवेगळी लागते, आणि नोंद दोन पुस्तकांत होते.